दुसऱ्या बाजूच्या शेवटी

दोंडाईचा
१४ नोव्हेंबर १९८९

भिकन,

आधी तुझा जयभीम घे, मग माझा जयजिनेंद्र घे, आणि मग मुकाट्याने शिव्या खा.

पत्ता तुझ्या बहिणीकडून मिळाला. नरडाण्याला एका लग्नघरी भांडी पोचवायला गेलो होतो. म्हटलं झुंबरबाईला विचारून तरी बघू, भाऊ जिवंत आहे की नाही. ती भाकऱ्या थापत होती. मान वर न करता म्हणाली, "शे ना, चांगला शे. दर महिनाले पत्र येस." दर महिन्याला! आणि मला तीन वर्षांत एक ओळ नाही. वा रे वा. हॉलंडला शाई महाग आहे का?

जळगावच्या पेपरात तुझा फोटो आला होता, तो पाहिला. कोट घातलास, मफलर गुंडाळलास, पण क्लॅरिनेट अजून त्याच काखेत धरतोस. खाली लिहिलंय की खानदेशचा बँडवाला परदेशात गाजतोय, तिकडे लोक चर्चमध्ये श्वास रोखून त्याला ऐकतात. इथवर सगळं ठीक. पेढे वाटावे असंच वाटत होतं. मग पुढचं वाक्य वाचलं. तू म्हणालास म्हणे, "माझ्या मुलखात मला कुणी ऐकलं नाही."

कुणी नाही? मग मी आणि पितांबर कोण रे? शिरपूर म्हणू नको, शहादा म्हणू नको, तुझ्या बँडचं लग्न कुठे आहे ते शोधत एसटीने कोण यायचं? ना नवरीकडचे, ना नवऱ्याकडचे. नवरीवाल्यांना वाटायचं आम्ही नवऱ्याकडचे, नवरेवाल्यांना वाटायचं नवरीकडचे. पहिल्या पंगतीला बसून आडवा हात मारायचो आणि परत तुझ्यासमोर येऊन उभे राहायचो. वरात चौकात आली, ढोलवाले बिडी प्यायला बसले, की तू ती लांब, सावकाश चाल सुरू करायचास. तिला नाव नव्हतं, आम्हीच तिला 'दुपारची' म्हणायचो. नवरदेवाचे दोस्त बोंबलायचे, "अरे, नाचायचं वाजव!" तुझा बँडमालक दातओठ खायचा. तेव्हा डोळे मिटून रस्त्याच्या कडेला उभी राहिलेली दोन माणसं तुला दिसायची नाहीत का? वीस वर्षं, भिकन. वीस वर्षं म्हणजे काय थट्टा झाली?

मला माहीत आहे तू का रागावलास. आज कबूल करून टाकतो. चातुर्मासात लग्नं बंद की बँड बंद, आणि तू लोकांच्या शेतात निंदायला जायचास. मातीने तुझी बोटं फुटायची. ते आम्हाला बघवायचं नाही. तुला नुसतं ये, वाजव, म्हटलं असतं तर तू आला नसतास. "भीक नको, शेठ," म्हणाला असतास. तुमच्या वस्तीने दारोदार वाजवणं सोडून दिलेलं, तुझ्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा डफ विहिरीत टाकलेला, त्यात तू क्लॅरिनेट घेतलंस म्हणून घरात आधीच बोलणी. तू फक्त रीतसर कार्यालाच यायचास, हे आम्हाला ठाऊक होतं. म्हणून आम्ही कार्यं काढली. माझ्या पुतण्याचं जावळ काढलं. मला पुतण्याच नाही. नव्या घराची वास्तुशांत केली. घर जुनंच, नुसती चुन्याची पुताई केली होती. आणि शेवटची ती मामांची एकसष्टी. चौरंगावर फेटा बांधून बसलेले मामा म्हणजे आपला पितांबर होता. आम्हाला वाटायचं, फेट्यात तू ओळखणार नाहीस.

ते तुला कळलं, तुला आपल्यावर दया केली असं वाटलं, आणि तू त्या दिवशी जेवण न करता निघून गेलास. एवढंच ना? अरे, दया नव्हती रे बाबा, आमची हाव होती. चार महिने ऐकल्याशिवाय राहवायचं नाही आम्हाला.

लिही. चार ओळी लिही, पण लिही.

तुझा
निर्मलशेठ


दोंडाईचा
२२ एप्रिल १९९०

भिकन,

पाच महिने झाले. पोस्टमन माझ्या दुकानावरून मान खाली घालून जायला लागलाय, बिचाऱ्यालाच लाज वाटते.

पितांबर गेला. होळीच्या आठ दिवस आधी गेला. तीस वर्षं मिरचीच्या बाजारात तोलाई केली, छातीत दुसरं काय साठणार? दम्याने पार पिंजून काढलं. त्याच्या पोरांनी हौसेने बँड लावून त्याला नेलं. बँडवाले नवे होते, बारीक मिशांची पोरं. भजनाची चाल वाजवत होते, तीही घाईत. मी मागून चालत होतो आणि मनात म्हणत होतो, पितांबर, हे तुझ्या कानावर पडतंय का रे? तुला हे आवडलं नसतं. हे मी कुणाला सांगू? सांगण्यासारखा एकच माणूस होता, तोच खांद्यावर.

आता तुला ऐकणारा या गावात मी एकटा उरलोय. कुणी ऐकवा म्हटलं तर तुझी कॅसेट लावतो. मुंबईहून आलेल्या साडूला ऐकवलं. तो दोन मिनिटांत म्हणाला, "हे कधी सुरू होणार?" त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

तुझी तबकडी हॉलंडहून योहानाबाईंनी पाठवली होती, मागच्या वर्षी. कव्हरवर आमच्या मागच्या अंगणाचा फोटो बघून ऊर भरून आला. आठवतं का, बाई कशा सापडल्या? अक्कलकुव्याकडून होळीची गाणी रेकॉर्ड करून त्या परत निघालेल्या आणि आपल्या मिरचीच्या बाजारात शिंकून शिंकून बेजार झालेल्या. पितांबरने त्यांना ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, आणि हातातलं मशीन बघून पाण्याआधी तुझंच नाव सांगितलं. त्या पावसाळ्यात पुन्हा आल्या, म्हणून तर आम्ही ती एकसष्टी काढली, आणि बाईंनी अंगणात तुझं वाजवणं मशीनवर घेतलं. तुझं सगळं त्या एका दुपारचं आहे, भिकन. हे मी उपकार म्हणून सांगत नाही. बरं, सांगतोच समज.

तबकडी वाजवायला दोंडाईच्यात यंत्र नाही. धुळ्याला एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे नेली आणि तिची कॅसेट करून घेतली. मूळ तबकडीपेक्षा अर्ध्या मिनिटाने लहान झाली, पण चालतंय. वाजवणं सगळं आलं.

परवा झुंबरबाई दुकानात आली होती, नातीच्या बारशाला पातेलं घ्यायला. मी तिला म्हटलं, तुझ्या भावाला आमचं नाटक कळलं म्हणून तो रुसलाय. तर ती बाई हसायलाच लागली. "शेठ, पितरपाटामा कोन एकसष्टी करस? त्याले पहिलाच सालले समजी गयथं." मी तिथेच पातेलं धरून उभा. खरंच की! वास्तुशांत चातुर्मासात, एकसष्टी पितृपंधरवड्यात. मी जन्माने मारवाडी, आयुष्य मुहूर्तांवर भांडी विकण्यात गेलं, आणि मला हे सुचलं नाही! तू सगळं ओळखून यायचास, कोटाची बटणं लावायचास, चौरंगावरच्या पितांबरला वाकून नमस्कार करायचास, आणि वाजवायचास. हरामखोरा, एकदा तरी हसायचं होतंस. आम्ही तिघं मिळून हसलो असतो.

मग राग कशाचा? तेवढं सांग. जेवणाचं काही मनात धरलंस का? तसं असेल तर ती आईची रीत. जुन्या वळणाची बाई, घर तिचं, चूल तिची. तिच्यापुढे माझं काय चालायचं? ती आता थकलीय, काही आठवत नाही तिला. म्हातारीचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं.

कॅसेट रोज दुपारी लावतो. गिऱ्हाईक नसतं तेव्हा.

निर्मलशेठ


दोंडाईचा
८ डिसेंबर १९९१

भिकन,

आई गेली, पर्युषणात. झुंबरबाईकडून तुला कळलं असेलच. तुझं पत्र येईल असं उगाच वाटलं होतं.

आज लिहितोय ते वेगळ्याच कारणाने. परवा तुझा एक भक्त आला होता. होय, थेट हॉलंडहून, पाठीवर पिशवी, तांबडी दाढी, पायात चपला. यान त्याचं नाव. तुझ्या ओळखीचा असेल. सुरत-भुसावळ गाडीने आला, स्टेशनवर उतरला आणि तबकडीचं कव्हर लोकांना दाखवत दाखवत माझ्या दुकानापर्यंत पोचला. मोडकंतोडकं हिंदी बोलतो. म्हणाला, "आप भिकन का दोस्त?" मी हो म्हटलं. काय म्हणणार?

त्याला मागचं अंगण बघायचं होतं. नेलं. तू ज्या भिंतीला टेकून बसला होतास तिथे तो बसला. हाताने फरशी चाचपली. मग 'दुपारची' गुणगुणायला लागला, आणि काय सांगू तुला, जिथे तू श्वास घेतोस तिथेच त्याने श्वास घेतला. माझे डोळे भरले. पितांबर गेल्यापासून माझ्याशिवाय दुसऱ्या माणसाच्या तोंडून ते ऐकलं नव्हतं. मी पण त्याच्याबरोबर सुरू केलं. दोन बेसूर माणसं, एक तांबडी दाढीवाला आणि एक पोट सुटलेला भांडीवाला, अंगणात बसून गातायत. आमची सौ. चंद्रकांता चहा घेऊन आली ती दारातच थांबली.

तेवढ्यावरच ते संपलं असतं तर किती बरं झालं असतं.

तो म्हणाला, हिवाळ्यात ते तीसेक जण योहानाबाईंच्या घरी जमतात. तबकडी लावतात. कुणी बोलत नाही, कुणी पाय हलवत नाही. दुसऱ्या बाजूच्या शेवटी, वाजवणं थांबल्यावर, मशीन थोडा वेळ चालूच राहिलेलं आहे. त्यात घरातून एक माणूस काहीतरी बोलतो, आणि मग थाळी ठेवल्याचा आवाज येतो. ते त्यांचं फार लाडकं आहे म्हणे. त्या वाक्याची ते सगळे वाट बघतात, आणि ते आलं की सगळे मिळून ते वाक्य म्हणतात. अर्थ कुणालाच माहीत नाही. नुसतं पाठ झालंय.

आणि त्याने ते माझ्यासमोर म्हणून दाखवलं. शब्द न् शब्द. मी ते इथे लिहीत नाही. तुला सांगायला नको.

चंद्रकांता चहाची कपबशी खाली ठेवून आत निघून गेली.

यानने विचारलं, तो माणूस कोण आणि काय म्हणतो? मी म्हटलं, आमचे जुने दिवाणजी होते, वारले. ते म्हणतायत, फार छान झालं, अजून एकदा वाजव.

केवढा खूश झाला रे तो. वही काढून लिहून घेतलं. म्हणाला, तबकडी नव्याने निघतेय, तेव्हा कव्हरवर हे छापायला सांगतो, लोकांना किती वर्षं जाणून घ्यायचं होतं. जाताना मला मिठी मारली.

आता तू काय करशील ते मला कळत नाही. ते छापून आलं तर तू वाचशील. भिकन, मला दुसरं काही सुचलंच नाही. तुझ्या माणसापुढे मी काय सांगायला हवं होतं? तूच सांग.

निर्मल


दोंडाईचा
१९ जुलै १९९२

भिकनभाऊ,

आजपासून भाऊ म्हणतो. 'अरे-तुरे' मात्र सुटत नाही, जीभ ऐकत नाही. तू मला वीस वर्षं 'तुम्ही' आणि 'शेठ' म्हणालास, ते कधी खटकलंही नाही मला.

मागच्या पत्रात जे लिहिलं नाही ते आधी लिहितो, नाहीतर पुन्हा टाळीन. "बेबाबाई, त्याची थाळी बाहेरच ठेव. आत नको." हे ते वाक्य. आवाज माझा. दिवाणजी नाहीत, आई नाही. आई तर त्या दिवशी घरातही नव्हती. राजस्थानात ब्यावरला गेली होती, म्हणून तर आम्हाला ते नाटक करता आलं. रीत सांगायला घरात कुणी नव्हतं, भाऊ. चंद्रकांताने उलट पाच पाट मांडले होते. त्यातला एक मी उचलला. स्वयंपाकाच्या बेबाबाईने विचारलं सुद्धा नव्हतं. मी आपण होऊन सांगितलं.

त्या दिवशी तू जे वाजवलंस तसं मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी रडत होतो, खरंच रडत होतो. डोळे पुसत आत गेलो आणि ते वाक्य बोललो. दोन्हीत मिनिटभराचंही अंतर नाही. हे कसं होतं रे माणसाचं? मी पुष्कळ विचार केला, मला उलगडत नाही. दुकानात शेकडो स्टीलच्या थाळ्या, आणि तुझ्यासाठी मागच्या दाराच्या कोनाड्यात एक जर्मनची, ॲल्युमिनियमची ताटली, तीही जेवून तूच विसळून ठेवायचास. दर वेळी. त्या दिवशी तू तिला हात लावला नाहीस. क्लॅरिनेट पेटीत ठेवलं, म्हणालास, "शेठ, मी जास आते." मी म्हटलं, बरं.

आणखी एक. कॅसेट अर्ध्या मिनिटाने लहान आपोआप झाली नाही. धुळ्याचा रेडिओवाला म्हणाला, शेवटी कुणीतरी बोलतंय, ठेवू का काढू? मी म्हटलं, काढ.

यान गेल्यावर दोन महिने कसे काढले ते सांगत नाही. शेवटी आपल्या हायस्कुलातल्या इंग्रजीच्या पाटील सरांकडे गेलो. म्हटलं, हॉलंडला एक पत्र लिहायचंय, मी सांगतो, तुम्ही इंग्रजीत लिहा. वाक्याचा अर्थ सांगितला, तो माणूस मीच हे सांगितलं, आणि कव्हरवर खोटं छापू नका असं सांगितलं. सरांचा पेन थांबला. म्हणाले, "शेठ, कशाला हे? तिकडे कोण विचारतंय?" म्हटलं, लिहा तुम्ही. त्यांनी लिहिलं. आता ते मला रस्त्यात भेटले की नमस्कार करतात आणि पटकन पुढे जातात. कदाचित मलाच तसं वाटत असेल.

वाटलं होतं, योहानाबाई चार कडक शब्द सुनावतील. त्यांचं उत्तर गेल्या मंगळवारी आलं. सरांनीच वाचून दाखवलं. त्यांनी लिहिलंय की अर्थ त्यांना पहिल्यापासून माहीत होता. तबकडी निघायच्या आधीच त्यांनी तुला विचारलं होतं, आणि तू खरं ते सांगितलं होतंस. त्या ते कापायला निघाल्या होत्या. तू कापू दिलं नाहीस. तू म्हणालास, "राहू द्या. माझा मित्र आहे तो. बोलला ते बोलला." आणि बाकीच्यांना अर्थ सांगू नका, असंही तूच म्हणालास. कव्हरवर आता काहीच छापणार नाहीत.

सरांनी पत्र घडी करून दिलं. मी घरी आलो, चंद्रकांताला सांगितलं. ती म्हणाली, "चार वर्षं तो माणूस लोकांच्यात बसून हे ऐकतोय. आणि तुम्हाला मित्र म्हणतो." तू शिव्या दिल्या असत्यास तर मी परत शिव्या दिल्या असत्या, मला ते जमतं. याला काय करू?

मी तुझी पत्रं मागत होतो, तुझा राग काढायला निघालो होतो, जसं काही तूच काही चुकलास. पेपरात तू म्हणालास, मला माझ्या मुलखात कुणी ऐकलं नाही. बरोबर बोललास. वाजवणं ऐकलं, तेवढंच.

झुंबरबाई सांगत होती, तू दिवाळीनंतर महिनाभर येणार आहेस. धुळ्याला तुझा सत्कार ठरवतायत, ज्यांनी तुला वरातीत ढकलून पुढे नेलं तेच हारतुरे घेऊन उभे राहतील. त्या गर्दीत मी येणार नाही. तू इकडे ये. या वेळी कार्य नाही, मुहूर्त नाही, मामा नाही. क्लॅरिनेट बहिणीकडे ठेवून ये. 'दुपारची' ऐकायला जीव तळमळतोय, खोटं कशाला बोलू, पण वाजवायला बोलावत नाही. जेवायला बोलावतोय. आत, आमच्या पंगतीला. येणार नसलास तर तेही मी समजेन, तसं कळवलं नाहीस तरी समजेन.

चंद्रकांताने विचारलं, स्वयंपाक काय करू? तुझ्या कुठल्या सुरानंतर श्वास कुठे येतो ते मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. तू तिखट खातोस की कमी, भाकरी लागते की पोळी, गोड चालतं का, काही म्हणजे काही मला माहीत नाही. वीस वर्षांत मी तुला जेवताना कधी पाहिलंच नाही.

बाकी काही लिहू नकोस. तुला काय आवडतं, तेवढं कळव.

निर्मल